ग्लेनिसने काच घासली

“माझ्या टाकीत चार हजार तरी असतील! रविवारी या आणि मोजून घ्या!” ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सव्हिलच्या मत्स्यप्रेमी क्लबात ब्रॉन्टी सगळ्यांदेखत बोलून बसली.

चार हजार म्हणजे कोपेपॉड! कोळंबीचे खसखशीएवढे भाऊबंद, काचेवरच्या शेवाळात तुरुतुरु पळणारे. म्हातारा क्लॅरी घर आवरून गावातल्याच लेकीकडे राहायला निघाला होता. त्याचा निळा-नारिंगी मँडरिन मासा हे जिवंत खाणं सोडून कशाला तोंड लावत नसे. त्यामुळे ज्याच्या टाकीत कोपेपॉड भरपूर, मासा त्याचाच!

ब्रॉन्टीने सहा महिने आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची काच पुसली नव्हती. बाळाला कडेवर घेऊन ती रोज भिंगातून बघायची. अंड्यांच्या दोन पिशव्या लटकवून धावणारी एखादी दिसली, की तिला मैत्रीण भेटल्यासारखं वाटायचं.

रविवारी क्लॅरी माशाची बादली घेऊन दारात हजर. ब्रॉन्टी त्याला आत घेऊन आली आणि थिजलीच. काच आरशासारखी लखलखत होती! शेजारी सासूबाई, हातात स्पंज.

“ग्लेनिस! काय केलंस हे!”

“पाहुणे यायचे आणि काच अशी? बाळ झालं म्हणून घराचं इतकं सोडून द्यायचं? दोन तास घासतेय! आभार नंतर मान.”

क्लॅरीने भिंग लावलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“शून्य.”

“थांबा! तो बघा, दगडापाशी! पाठीत वाकलेला, पारदर्शक! पोहतोय!”

क्लॅरीने तो जीव चिमट्याने अलगद उचलून तळहातावर घेतला.

“पोरी, हे बाळाचं नख आहे.”

उजेड बरा म्हणून तिने काल टाकीपाशीच बसून नखं कापली होती! क्लॅरीने बादली उचलली. ब्रॉन्टी रडायच्या बेतात.

“ते घासलेलं पाणी तरी कुठे ओतलंस, ग्लेनिस?”

“ओतेन कशी? पाणीकपात चालू आहे! बादल्यांत काढून ठेवलंय मागे, टोमॅटोंना घालायला.”

“खारं पाणी? टोमॅटोंना?”

पण क्लॅरी केव्हाच मागच्या दारी पोचला होता. “अगं, चार हजार कसले!” तो ओरडला. “इथे नुसती जत्रा भरलीय!”

हिरवं पाणी टाकीत परत गेलं. पाठोपाठ मासाही. अट एकच : काचेला कुणी हात लावायचा नाही.

आता क्लॅरी दर रविवारी माशाला भेटायला येतो आणि हिरव्यागार काचेला नाक लावून बसतो.

“आहे ना गं आत?”

“आहे,” ब्रॉन्टी म्हणते. “म्हणजे, असावा.”

मागे ग्लेनिस स्पंज पिळत उभी असते. “मी काही बोलले का?”