नानांचं चालू ऑपरेशन

नानांच्या घरात जेवायला बसलं की समोर एका माणसाचा पाय करवतीनं कापला जात असे.

चित्रात, अर्थात. देव होते घरात, पण ते आत स्वयंपाकघरात, अक्कांच्या ताब्यात. जेवायच्या खोलीत मात्र पाटांच्या बरोबर समोर ही भलीमोठी फ्रेम. मिशाळ गोऱ्या डॉक्टरांचं टोळकं, मध्ये टेबल, टेबलावर पांढऱ्या चादरीखाली एक माणूस. त्याचा एक पाय चादरीबाहेर, आणि करवत त्या पायात अर्ध्यापर्यंत गेलेली. मागे उंच बाकांवर कोट घातलेली मंडळी तमाशाला बसावं तशी दाटीवाटीनं बसलेली.

धुळ्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून मी पाचोऱ्याहून आले आणि नानांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, जेवायला बोलावलं. बेत शेवभाजीचा होता. शेवभाजीचा रस्सा किती लालभडक असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी पहिला घास मोडला आणि मान वर केली.

"देखी राह्यन्यात ना बाई?" नाना खुशीत म्हणाले. "काम चालू शे."

काम चालू होतं. माझा घास मात्र थांबला. नानांनी ओळखी करून द्यायला सुरुवात केली. "हाऊ करवतवाला तो सोनवणे डॉक्टर. हाऊ त्याना साडू. पाय धरेल शे तो कंपाउंडर, बापू. जरा आळशी शे, पन पकड घट्ट."

"आणि पेशंट?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"त्यानं नाव माले माहीत नही. शुद्धीवर येऊ द्या, मंग इचारू."

अक्कांनी माझ्या ताटात भात वाढला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुम्ही पाट फिरवी ल्या. नवा मानूस उना का मी त्याले तिकडे तोंड करीसन बसाडस." मी पाट फिरवला. आता समोरच्या भिंतीवर सरकी काढायच्या जुन्या यंत्राचं चित्र होतं, पट्टे गरगर फिरत असलेलं. "हाई बरं शे," अक्का म्हणाल्या. "यामा रक्त नही."

नाना म्हणजे नाना फ्रेमवाले. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत खाली दुकान, मागे घर, वर मी. अंगानं किडकिडीत, कानावर पेन्सिल, आणि ओठांत कायम बारीक चुकांची, म्हणजे खिळ्यांची, रांग. चुका ओठांत धरून ते तासभर बोलू शकत, आणि एकही चूक खाली पडत नसे. फ्रेमवाल्याच्या दुकानात लक्ष्मी, सरस्वती, गेलेले सासरे आणि पास झालेले जावई असतात. तेही होते, पण एका कोपऱ्यात, पाठीला पाठ लावून. भिंती सगळ्या नानांच्या चित्रांच्या.

ही चित्रं आली कुठून, तर गावाबाहेरची कापसाची एक जुनी जिनिंग फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिच्या ऑफिसातल्या सामानाचा लिलाव झाला. नाना गेले होते टेबल घ्यायला, कारण अक्कांना पोळ्या लाटायला ते हवं होतं. परत आले ते विलायती सचित्र मासिकांची ट्रंक घेऊन. शंभरेक वर्षांपूर्वीची मासिकं. अक्का पुढेही खाली बसूनच पोळ्या लाटत राहिल्या.

त्या ट्रंकेतून नानांनी चित्रं निवडली ती एकाच कसोटीवर: काम चालू पाहिजे. एंजिन नुसतं उभं असेल तर नापास. धूर हवा, चाक फिरताना हवं, कोणीतरी कोळसा टाकत असला पाहिजे. बोट असेल तर ती बुडत तरी असावी नाहीतर चालत तरी. राजा-राण्यांची चित्रं त्यांनी काचा गुंडाळायला वापरली. "नुसता मुकुट घालीसन उभा शे," ते म्हणत. "काम काय करस तो?"

चित्रातल्या माणसांना नावं द्यायची हा पुढचा टप्पा. पुलावरून धूर सोडत जाणारी आगगाडी चाळीसगावची होती आणि तिचा ड्रायव्हर शांताराम. मागच्या डोंगरांवर ढीगभर बर्फ होतं. मी ते दाखवलं, तर नाना म्हणाले, "कापूस शे तो. भाव पडेल व्हता, कोनी वेचाच नही." घोड्यांच्या ट्रामचा डावीकडचा घोडा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला.

"नाना, ती ट्राम लंडनची असेल," मी एकदा म्हणाले.

"व्हई ना. पन घोडा आपला शे."

मी शास्त्र शिकवते. तरी मी वाकून त्या घोड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

गिऱ्हाइकं यायची, आणि नानांच्या तावडीतून सुटून अक्कांकडे पैसे देऊन जायची. दुकान खरं अक्काच चालवत. मापं त्यांच्या डोक्यात, गिऱ्हाईक त्यांच्या तोंडओळखीचं. नाना फक्त काच कापत, तीही सुरेख, हिऱ्याच्या एका फटक्यात. आणि कापता कापता शांतारामच्या गाडीला आज उशीर का झाला ते सांगत.

एकदा अक्का माहेरी गेल्या होत्या आणि लग्नाच्या आहेराची फ्रेम नानांनी बांधून दिली. गिऱ्हाइकानं राधाकृष्ण दिला होता. शिरपूरला लग्नमांडवात कागद फाडला तर आतून निघाला दात उपटणारा वैद्य, पेशंटच्या छातीवर गुडघा रोवून. दुसऱ्या दिवशी वरमाय स्वतः भांडायला आल्या. त्यांचा पहिला आवाज मी माडीवरून ऐकला. दुसरा ऐकू आला नाही, म्हणून खाली डोकावले. वरमाय स्टुलावर बसल्या होत्या आणि नाना त्यांना तो दात किडला कसा ते मुळापासून सांगत होते. शेवटी भांडण झालंच, पण वेगळं. वरमायला ते चित्र घरी न्यायचं होतं आणि नाना सोडायला तयार नव्हते. वरमायला राधाकृष्णावरच समाधान मानावं लागलं.

मग आमच्या गल्लीच्या टोकाला एका तरुण सर्जननं दवाखाना काढला. एके दिवशी तो दुकानात आला. पेशंट बसतात त्या खोलीसाठी त्याला एखादं चित्र हवं होतं. "फुलं, धबधबा, हसरं बाळ, काहीही चालेल," तो म्हणाला.

नानांच्या ओठांतल्या चुका मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली पडताना पाहिल्या. खरा सर्जन दुकानात आला होता. त्यांनी आत जाऊन जेवणघरातली फ्रेम उतरवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि डॉक्टर दवाखान्यात पेशंट तपासत असताना स्वतः जाऊन त्याच्या भिंतीवर ठोकून आले. त्या संध्याकाळी मी पाट न फिरवता जेवले.

सुख फार टिकलं नाही. खेड्यांवरून आलेली माणसं बाकावर बसत, समोर पाहत आणि एकेक करून चपला शोधायला लागत. पोट धरून आलेल्या एका शेतकऱ्यानं बायकोला सांगितलं, "चाल घर. दुखनं थांबनं." आठवडाभरात डॉक्टर फ्रेम बगलेत मारून परत आला.

"नाना, चित्र उत्तम आहे. पण माझा दवाखाना बंद पडेल."

"नवा शे आजून, घाबरस," तो गेल्यावर नाना म्हणाले. त्यांना त्याची दया आली होती. पण त्याआधी त्यांनी डॉक्टरचा हात धरून मनातलं मागून घेतलं होतं: "एकदाव माले खरं ऑपरेशन दाखाडा. चालू. मी कोपरामा उभा राहसू."

"बघू कधीतरी," डॉक्टर म्हणाला, आणि फसला. तेव्हापासून रस्त्यात, भाजीबाजारात, केस कापायच्या दुकानात, डॉक्टर दिसला की नाना विचारत, "चालू शे का काही?" बिचारा दुरून नाना दिसले की रस्ता ओलांडू लागला.

अक्कांच्या पोटात दुखत होतं हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्या कधी बेसनाला दोष देत, कधी तेलाला. एका दुपारी दुकानात काच मोजता मोजता त्या खालीच बसल्या, काचेच्या कपच्यांत, आणि त्यांना उठता येईना. मी आणि नानांनी त्यांना धरून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन करावं लागणार होतं.

अक्कांनी विचारलं, "दुकान कोन देखी?"

नानांनी विचारलं, "डॉक्टर, आते तरी मी आत येऊ ना?"

डॉक्टरला आता ओलांडायला रस्ता नव्हता. तो म्हणाला, "या. पण कशाला हात लावायचा नाही."

पुढचे दिवस गल्लीत नुसता सण होता. नानांनी दाढी केली, केस कापले, वरून ऑपरेशनचा हिरवा झगा येणार हे माहीत असून सदरा इस्त्री करून आणला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. समोरचे तात्या शिंपी रोज त्यांच्याकडून ऑपरेशनची उजळणी करून घेत. जेवताना नाना भिंतीवरचं चित्र दाखवून अक्कांना समजावत, कोण कुठे उभं राहील, कोण काय धरील.

"सोनवणे डॉक्टरले सांगा, करवत घर ठेव म्हना," अक्का म्हणत, आणि आम्ही हसायचो. पण माडीवर गेल्यावर मला नानांचा राग यायचा. अक्का हल्ली दोनच घास खात होत्या आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. सकाळी नर्सनं अक्कांना आत नेलं आणि थोड्या वेळानं त्यांचे दागिने एका रुमालात बांधून माझ्या हातात दिले. नाना दुसऱ्या खोलीत तयार होत होते. बाहेर आले तर झगा पायात येतोय, टोपी कानांवर आलेली, तोंडाला फडकं. फक्त डोळे दिसत होते आणि ते लग्नातल्या नवरदेवासारखे चमकत होते. दवाखान्याच्या जिन्यावर अर्धी गल्ली जमली होती. नानांनी सगळ्यांना हात केला आणि आत गेले. दार लागलं.

मी नीट टेकलेही नव्हते तोवर दार उघडलं. नाना बाहेर आले. मागून नर्सचा आवाज आला, "इथंच थांबा हं नाना." ते चालत जिन्यापर्यंत आले आणि पायरीवर बसले.

तात्या वाकून म्हणाले, "काय नाना? चालू शे का?"

नानांनी पायात येणारा झगा गोळा करून मांडीवर घेतला. लोक जरा वेळ थांबले, मग एकेक जण खाली उतरला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तोंडावरचं फडकं तसंच होतं.

"चक्कर आली का नाना?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. फडक्याआडून आवाज आला. "बाई, तिना पायमा जोडवी नव्हती."

"काढून ठेवावी लागतात. माझ्याजवळ आहेत."

"तोंडवर कापड व्हतं. बठ्ठं झाकेल. पाय तेवढा बाहेर. माले वाटनं, हाई कोन बाई शे?" ते थांबले. "लगीन झायं तव्हापाईन मी तिना पाय जोडवीबिगर कधी देखाच नही. वळखाच नही मी तिले."

मी रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत घट्ट धरला आणि भिंतीला डोकं टेकवलं.  

अखेर डॉक्टर बाहेर आला. सगळं व्यवस्थित झालं होतं. नानांची हौस राहिली म्हणून त्यानं काढलेले खडे बशीत घालून दाखवायला आणले. नानांनी बशीकडे पाहिलंच नाही. "ती बोलनी का?" एवढंच विचारलं. खडे तात्यांनी पाहिले, खाली नेऊन बाकी गल्लीनंही पाहिले.

दुपारी अक्कांना कॉटवर आणलं. त्या गुंगीत होत्या. नाना पायथ्याशी उभे होते, टोपी अजून डोक्यावरच. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली, जमिनीवर गुडघे टेकले आणि अक्कांच्या बोटांत जोडवी घालायला लागले. एका फटक्यात काच कापणारा माणूस, पण इथं काही जमत नव्हतं. जोडवं बोटाच्या पेरावर अडत होतं.

"उद्या घाला ना," नर्स म्हणाली. नानांना ऐकू आलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईचे नातेवाईक, चार माणसांत बायकोचे पाय धरून बसलेला हा म्हातारा पाहून, एकमेकांकडे बघत हसू लागले. तेही नानांना ऐकू आलं नाही.

अक्कांनी डोळे किलकिले केले. "कोन शे?"

"मी शे. तू झोप."

"काय करी राह्यनात?"

"काही नही."

अक्कांनी डोळे मिटले. वाटलं, झोपल्या. नाना पुन्हा बोट चाचपू लागले. मग उशीवरून खोल, झोपाळू आवाज आला.

"डावा पायनं जोडवं उजवा पायमा घाली राह्यनात तुम्ही."

नानांनी हळूच ते काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.