जुनी शेगडी आणि गावाची भांडी

बायको मेविस गेली त्या दुपारी आर्विड इस्पितळातून घरी आला, तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती. मागच्या पायऱ्यांवरचा बर्फ कुणीतरी झाडून काढला होता, आणि तिथे फॉइलने झाकलेली काचेची भांडी ओळीने मांडलेली होती. त्याने पहिल्या भांड्याला हात लावला. ते अजून गरम होतं. तो पायरीवर बसला आणि ते गार होईपर्यंत त्यावर हात ठेवून बसून राहिला.

लिंडाल हे मिनेसोटातलं छोटं गाव. तिथे दुःखात कुणी फार बोलत नाही. बोलायचं असतं ते हॉटडिश नावाच्या भाजलेल्या पदार्थात घालून पाठवतात: खाली खिमा, मध्ये मटार, वर बटाटा, आणि भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर लिहिलेलं आपलं नाव. हिवाळाभर ती भांडी येत राहिली. फ्रीज भरला, मग शेजारच्या ड्वेनच्या गॅरेजमधला फ्रीझर भरला. आर्विडला धड अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं, पण तो एकही दिवस उपाशी झोपला नाही. उलट त्याचं पोट सुटलं. नव्या विधुराचं पोट सुटणं त्याला बरं वाटेना, पण खाल्लं नाही तर ड्वेनची बायको लवॉन येऊन फ्रीज उघडून बघायची.

बर्फ वितळला तेव्हा जेवणाच्या टेबलावर रिकाम्या भांड्यांचा ढीग झाला होता. सगळी एकदम धुऊन टाकावीत म्हणून आर्विडने ती तळघरातल्या टाकीत गरम पाण्यात बुडवली आणि तो वर जाऊन बातम्या ऐकत बसला. परत आला तेव्हा भांडी लख्ख झाली होती आणि नावं पाण्यावर तरंगत होती.

ही पहिली पंचाईत. दुसरी त्याहून मोठी होती. मेविसने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत पाठवलं नव्हतं. निदान चार बिस्किटं तरी ती आत ठेवायची. रिकामी भांडी घेऊन दारोदार फिरायचं म्हणजे तिच्या नावाला बट्टा. आणि भांड्यांत घालायला आर्विडला एकच गोष्ट करता यायची, ती म्हणजे कोळशावर सॉसेज भाजणं. ते मात्र सगळं गाव मानत होतं. आर्विडचा सॉसेज कधी करपत नाही, कधी आत कच्चा राहत नाही, असं चर्चमध्ये पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे.

त्यामागची गोष्ट फक्त आर्विडला ठाऊक होती. शेगडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असायची. मेविस आत कोशिंबीर करत असायची, आणि सॉसेज उलटायची वेळ झाली की अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायची. आर्विड उलटायचा. काढायची वेळ झाली की तीनदा. आर्विड काढायचा. मग सगळे त्याची पाठ थोपटायचे आणि मेविस आतून कोशिंबीर घेऊन यायची. याबद्दल ती दोघं एकमेकांशीही कधी बोलली नव्हती.

तरी त्याने ठरवलं. सगळ्यांना एका शनिवारी दुपारी जेवायला बोलवायचं, भांडी हिरवळीवर मांडायची, ज्याने त्याने आपलं ओळखून घ्यायचं आणि त्यात सॉसेज भरून न्यायचे. आभारही मानून होतील.

फक्त शेगडी नव्हती. जुनीचा तळ गंजून गळून पडला होता आणि मेविसनेच ती भंगारात काढायला लावली होती. दुकानातल्या नव्या शेगड्या गॅसच्या होत्या, त्यांना घड्याळं होती, दिवे होते. आर्विडला पहिल्यासारखीच हवी होती: काळी, गोल, घुमटासारख्या झाकणाची. तशी एक लिरॉय हॉगेनच्या गॅरेजसमोर जुन्या सामानात विकायला निघाली होती.

लिरॉयने आर्विडला पाहिलं आणि ती फुकट घेऊन जा म्हणाला. आर्विड नको म्हणाला, पैसे घे. लिरॉय नको म्हणाला. कुठलीही गोष्ट तीनदा नाकारल्याशिवाय घ्यायची नाही ही तिथली रीत, पण दोघेही एकाच वेळी नाकारत असल्यामुळे कुणाचं कितव्यांदा झालं हेच कळेना. शेवटी लिरॉय शेगडी गाडीत चढवत होता तेव्हा आर्विडने नोट त्याच्या पैशांच्या डब्याखाली सरकवली आणि गाडी पळवली. आरशात त्याला लिरॉयची बायको ओपल धावत येताना दिसली. थांबणं भाग होतं. तिने खिडकीतून लिंबाच्या वड्यांनी भरलेलं काचेचं भांडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

“भांड्याची काही घाई नाही हं,” ती म्हणाली.

शेगडीची दशा गॅरेजमधल्या उजेडात नीट दिसली. झाकणाची मूठ जळून गेली होती, हवेची भोकं राखेने बुजली होती आणि तीन पायांपैकी एकाचं चाक नव्हतं. आर्विडने तारेच्या ब्रशने गंज खरवडला, पातेलंभर व्हिनेगर ओतून भोकं मोकळी केली. मुठीच्या जागी जुन्या हॉकी स्टिकचा तुकडा बसवला. चाक गवत कापायच्या यंत्राचं लावलं. ते जरा मोठं निघालं, त्यामुळे शेगडी कान टवकारून ऐकत असल्यासारखी एका बाजूला कलली. काळा रंग आणायला तो दुकानात गेला, तर दुकानदाराच्या बायकोने केक दिला. काचेच्या भांड्यात. घाई नव्हती.

शनिवार उजाडला तेव्हा फक्त जाळी राहिली होती. लिरॉयने वर्षानुवर्षं तिच्यावर मांस भाजलं होतं आणि ती एकदाही घासली नव्हती. ब्रश लागेना, व्हिनेगर पुरेना. आर्विडची नजर ओव्हनकडे गेली. त्या ओव्हनला स्वतःला साफ करायची सोय होती: एक खटका फिरवला की दार आपोआप बंद होऊन आत एवढी धग व्हायची की सगळ्या मळाची राख. शेगडीचं काहीही माझ्या ओव्हनमध्ये घालायचं नाही, असं मेविसने लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सांगून ठेवलं होतं. का ते सांगितलं नव्हतं.

त्याने जाळी आत ठेवली, खटका फिरवला आणि पायांना रंग द्यायला गॅरेजमध्ये गेला.

थोड्या वेळाने गावाचा भोंगा वाजला. आर्विड हातात रंगाचा ब्रश घेऊन रस्त्यापर्यंत आला. कुणाकडे आग लागली असेल बिचाऱ्याकडे, या विचाराने त्याला वाईट वाटलं. मेविस असती तर एव्हाना तिने बटाटे सोलायला घेतले असते. बंब चर्चकडून वळला, शाळेवरून आला. आर्विडने त्याला वाट मिळावी म्हणून बाजूला होऊन हात केला. बंब त्याच्याच दाराशी थांबला.

लिंडालचा बंब गावकरीच चालवतात आणि त्यांचा प्रमुख ड्वेन. तो हेल्मेट घालून उतरला.

“आर्विड, तुझ्या स्वयंपाकघरातून धूर येतोय.”

“अरे बापरे,” आर्विड म्हणाला. “लिरॉयची चरबी.”

लवॉनने खिडकीतून धूर पाहून फोन केला होता. जाळ कुठेच पसरला नव्हता, सगळा गोंधळ ओव्हनच्या आतच चालला होता. ड्वेनने घराची वीज तोडली, बाकीच्यांनी खिडक्या उघडल्या. मग सगळे ओव्हनसमोर गोल करून उभे राहिले.

“हे उघडायचं कसं?” ड्वेनने विचारलं.

“गार झाल्यावर उघडतं.”

“तोवर काय करायचं?”

“कॉफी घ्या,” आर्विड म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वीज नाही. घरी आलेल्या माणसांना कॉफी देता येऊ नये, याची त्याला आगीपेक्षा जास्त लाज वाटली.

भोंगा गावभर ऐकू गेला होता. येताना काहीही आणू नका, असं आर्विडने प्रत्येकाला बजावलं होतं, आणि काहींनी तसं ठरवलंही होतं म्हणे. पण आर्विडच्या घरी आधी मरण आणि आता आग म्हटल्यावर कोण रिकाम्या हाताने येणार? दुपारी माणसं आली ती फॉइलने झाकलेली भांडी घेऊनच.

हिरवळीवर टेबल टाकून त्यावर धुतलेली भांडी मांडली होती. आर्विडने सगळ्यांना सांगितलं, ज्याचं त्याने उचला. सगळे टेबलाभोवती फिरले. एकीने एक भांडं उचललं, उलटून पाहिलं आणि खाली ठेवलं. हे माझ्यासारखं दिसतंय खरं, पण ओपलकडेही असंच आहे, आधी तिला घेऊ दे, असं तिचं म्हणणं. ओपल म्हणाली, छे, मी नंतर बघते. पाळकसाहेबांच्या बायकोने आपलं भांडं स्पष्ट ओळखलं होतं, तरी ती शेवटी उरेल ते घेईन म्हणाली. त्यामुळे कुणीच काही घेतलं नाही.

कोळसे पेटवून बराच वेळ झाला होता आणि जाळी ओव्हनमध्ये अडकून होती. आर्विड शेगडीपाशी उभा राहून कोळशांकडे बघत होता. त्याला वाटलं, जाळी मिळालीच नाही तर बरं होईल.

तेवढ्यात आत खट्ट आवाज झाला. ड्वेन जाळी हातात धरून असा बाहेर आला, जसं काही बाळ आगीतून वाचवून आणलंय. जाळी दुकानातून आणल्यासारखी चकचकीत झाली होती. आणि तिची वाट बघण्यात कोळसे धुमसून, निवून, वर पांढरी राख धरून असे तयार झाले होते, जसे आजवर कधी झाले नव्हते; आर्विडला एवढा धीर कधी निघालाच नव्हता.

त्याने सॉसेज मांडले. मोठ्या चाकामुळे ते सगळे गडगडत एका कडेला गेले. त्याने आडवे केले. चरबी चरचरली. लोक ताटं घेऊन उभे होते. आर्विडने चिमटा उचलला, आणि सवयीने त्याची नजर खिडकीकडे गेली.

खिडकी उघडी होती, आत कुणी नव्हतं. चिमटा तसाच हवेत राहिला. आता की मग, त्याला काही कळेना. मदतीसाठी त्याने ड्वेनकडे पाहिलं, तर ड्वेनही खिडकीकडेच बघत होता.

“तू काय बघतोयस?” आर्विडने विचारलं.

ड्वेनने हेल्मेट काढलं.

“टकटकची वाट,” तो म्हणाला.

आर्विडने चिमटा खाली केला.

“कुंपणापलीकडे माझी शेगडी आहे ना. मेविसने ठोकलं की तू उलटायचास, तू उलटलंस की मी. दोघं एकाच वेळी पेटवायचो म्हणून जमायचं.” त्याने आवाज खाली आणला. “या उन्हाळ्यात काय खातोय ते लवॉनला विचार.”

“कोळसा,” लवॉन मागून म्हणाली. “सगळ्या गल्लीला माहीत आहे रे. मेविसलाही माहीत होतं. तुझं आधी झालं असलं तरी ड्वेनसाठी ती जरा थांबायची. त्याचं मांस जाड असायचं.”

आर्विड हसायला लागला. गेल्या हिवाळ्यापासून तो असा हसला नव्हता, आणि हसताना त्याच्या गालांवरून पाणी आलं ते त्याने धुरावर ढकललं. धूर होताच.

“आता जरा हलता का दोघं,” लवॉन म्हणाली. ती आत गेली, खिडकी ओढून लावली आणि काजळी पुसलेल्या काचेवर चमच्याने दोनदा ठोकलं. आवाज मेविसच्या अंगठीचा नव्हता. आर्विडने उलटले. खाली सोनेरी झाले होते.

तीनदा वाजलं तेव्हा त्याने काढले. लोक जेवले, पाळकसाहेब नेहमीचं वाक्य बोलले, आणि आर्विडने ताट खाली ठेवून आभार मानायला तोंड उघडलं. “हिवाळाभर तुम्ही लोकांनी मला...” एवढंच बोलून तो थांबला. सगळे आपापल्या ताटात बघू लागले. लिरॉय म्हणाला, कोशिंबीर चांगली झाली आहे. मग आर्विडने प्रत्येकाला आणखी एकेक सॉसेज वाढला, आणि कुणीही तीनदा नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हिरवळीवरची सगळी भांडी होती तिथेच होती, त्यांच्यात नवी मिसळली होती, आणि नव्यांच्या तळाची चिकटपट्टी बघून घ्यायची तो विसरला होता. ड्वेन कुंपणावरून वाकून म्हणाला, पुढच्या शनिवारी माझ्याही शेगडीवर करू, फक्त लवॉनला तुझ्या स्वयंपाकघरात बसू दे, तिथून दोन्हीकडे दिसतं. आर्विड हो म्हणाला.

शेगडीच्या तिसऱ्या पायाला रंग द्यायचा राहिला आहे. भांडी एकही परत गेलेली नाहीत.