मिशीचं काय करशील?

दातेकाका दर रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन ठरवून एक तास वेडे होत. येताना इस्त्रीचा शर्ट, मिशीला कंगवा. सोफ्यावर बसले की घड्याळ बघत आणि म्हणत, "चला, माझं डोकं गेलं. आता तू बघ."

इथे परदेशात, बुकित बातोकला आमच्या वरच्या मजल्यावर, काकू गेल्यापासून ते एकटे राहत. शिपयार्डात इंजिनिअर म्हणून जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हा विषय लागला. म्हणजे डोकं शाबूत आहे तोवर कायद्यानं एक माणूस नेमून ठेवायचा. पुढे ते चालेनासं झालं की आपलं खाणंपिणं, औषधपाणी त्यानं ठरवायचं. लोक यासाठी पोटच्या मुलांना नेमतात. काकांना मूलबाळ नव्हतं, आणि सेरंगूनला राहणारा भाचा त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो म्हणून तो बाद. मी वाद घालते, म्हणून माझा नंबर लागला. पण मी काही हो म्हणेना. दुसऱ्याच्या आयुष्याचे निर्णय घेणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यावर काकांनी तोडगा काढला, "मग आधी तालीम करू."

तालमीत ते नुसत्या बनियनवर पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला निघत, नाहीतर कॉफीत चार चमचे साखर मागत. मधुमेह आहे म्हणून मी साखर नाकारली, तर नापास. पुढच्या रविवारी निमूट घातली, तर "वेड्याचं ऐकतेस?" म्हणून पुन्हा नापास. माझी लेक आतल्या खोलीतून इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणे, "काका, टू मच ड्रामा लाह."

शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असे. "मिशीचं काय करशील?" मी दर वेळी सांगे की भादरून टाकीन, भरवायला सोपं जाईल. नापास. शेवटी एका रविवारी मी वैतागले आणि विचारलं, औषधं, दवाखाना सगळं सोडून तुम्ही त्या मिशीच्या काय मागे लागलाय?

काका वेडेपणा विसरून बोलायला लागले. काकूंचं डोकं गेलं तेव्हा सगळं काकांनीच ठरवलं होतं. न्हाऊ घालायला सोपं पडावं म्हणून त्यांनी काकूंची लांब वेणी कापून टाकली होती.

"रोज सकाळी पाठीवर हात फिरवून ती वेणी शोधायची," काका म्हणाले. "माझं नाव विसरली होती गं. वेणी नाही."

मी म्हटलं, "मिशी राहील, काका. प्रत्येक घासाला पुसेन. आणि सही करते मी."

काकांनी रुमाल काढून मिशी पुसली आणि त्याच ओघात डोळेही पुसून घेतले. मग स्वतःच उठून आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. त्या रविवारी तास संपायच्या आधीच ते शहाणे झाले.