लोकहिताला विहीर आडवी येते तेव्हा

लोकहित ही फार नाजूक वस्तू आहे. लोकांचा हात लागला की खराब होते. म्हणून ती कार्यालयातल्या कपाटात ठेवतात. इंग्रजांनी हे ओळखलं होतं. पुढं कपाट आपलं झालं, किल्लीही आपली झाली, पण लोकांना कपाटापासून लांब ठेवायची शिस्त आपण मोडली नाही. (कपाटाला नवा रंग मात्र दिला. स्वदेशी.)

अंथुर्ण्याच्या अलीकडं आमची पंधरा घरांची वस्ती. नळ नाही, एक विहीर. चैत्रात सगळ्यांनी उतरून गाळ काढायचा आणि वर्षभर पाणी प्यायचं, एवढाच तिचा कायदा. तिच्यावरून रुंद रस्ता जायचा ठरला आणि सुनावणीला साहेब आले. प्रक्रियेत उणं काढायला जागा नव्हती. नोटीस मराठीत होती. कुणाला कळली नाही, त्यामुळं कुणाच्या भावनाही दुखावल्या नाहीत.

"विहीर कुणाच्या नावावर?" साहेबांनी विचारलं.

ठमाबाई उठल्या. सत्तरी गाठली तरी गाळ काढायला पहिल्या त्याच. "सगळ्यांची हाय की! बुजवू नगासा, सायेब."

"एक नाव सांगा, आजी."

"एकाचं सांगू, मग बाकीच्यांनी काय डबक्याचं प्यायचं? आत्ता तुमीबी तांब्याभर प्यालासा. तुमचंबी घाला."

"घाला, घाला," मागून म्हस्कूतात्या. "फकस्त चैतात गाळ काढाया या म्हंजी झालं!"

सगळे हसले. साहेबही मनापासून हसले आणि त्यांनी लिहिलं : मालक – कोणी नाही.

यात साहेबांची चूक नाही. रकाना एका नावाचा होता. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, कुणाचं नाही ते सरकारचं, आणि सरकार म्हणजे तर आपणच. आपली विहीर आपणच आपल्या हितासाठी घेतली. हरकती : शून्य. (ठमाबाईंची होती, पण तोंडी. तोंडाला आवक क्रमांक पडत नाही.)

दीड दिवसात विहीर बुजली. हल्ली ठमाबाई हंडा घेऊन रस्त्याकडेला टँकरची वाट बघत बसतात. मिनिटाला एकोणीस गाड्या जातात, असं त्यांनीच मोजलंय. त्यांना आता वेळ असतो.

तुम्हीही त्या रस्त्यानं गेला असालच. काचेआडून त्यांच्याकडं बघत म्हणाला असाल, "काय सुधारणा झाली हो इकडं!"

जनतेचं मत म्हणून फायलीत तेवढं एकच लागलंय.