कुंचीचं परतीचं टपाल

आमच्या बोरवंडच्या टपाल कार्यालयात परदेशी निघालेली वस्तू काट्यावर ठेवली की ती ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणते, आणि म्हणून तिला जाण्याचं आणि येण्याचं असं दुहेरी टपाल पडतं.

गावाला यात काही वावगं वाटत नाही. घराबाहेर पडताना आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही. माणसं म्हणत नाहीत, तशा वस्तूही म्हणत नाहीत. आणि सरकारी खिडकीसमोर दिलेला शब्द हा शब्द असतो. ‘येते’ म्हणालेली वस्तू कधी ना कधी येणार, तेव्हा तिचं येण्याचं टपाल आधीच घेऊन ठेवलेलं बरं, अशी खात्याची भूमिका आहे. परतीच्या वस्तूला पोस्टमन नसतो. ती ज्याला पाठवली त्याच्या सामानात बसून येते.

मी स्कॉटलंडमध्ये लोकप्रशासन शिकून गेल्या वर्षी परत आले. तिथे राहता आलं असतं. पण शिकलेलं आपल्या माणसांच्या उपयोगी पडावं अशी माझी तळमळ होती, आणि ती मी भेटेल त्याला सांगत असे. ऐकणारे मान डोलावत आणि चहा घेणार का म्हणून विचारत.

मी माझ्या आत्याकडे राहते. मंदाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिची मुलगी रेवती नॉर्वेला असते. लग्न करून गेली ती अजून आलेली नाही. फाल्गुनात रेवतीला मुलगी झाली तेव्हा आत्याने ट्रंकेतून कुंची काढली. हिरव्या खणाची, लाल नाडीची, आतून मऊ धोतराचं अस्तर. आत्याने ती घातली होती, माझ्या वडिलांनी घातली होती, रेवतीने आणि मीही. आत्याचे गुडघे गेलेले आहेत. जिना चढायचा तर ती बसून एकेक पायरी वर सरकते. विमान तिच्या विचारातही नाही. रेवती बाळाला घेऊन आली तरच तिला नात दिसणार. तिने कुंची धुतली, उन्हात वाळवली आणि मला म्हणाली, “टाकून ये बाई पोस्टात. आणि परतीचं भर, विसरू नकोस.”

मी आधी दराची चौकशी करायला गेले. खिडकीवर द्राक्षायणी पट्टणशेट्टी होत्या. देश कुठला, त्यांनी विचारलं. मी नॉर्वे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “नार्वे म्हणजे गोव्याकडचं?” मी युरोपातलं असं सांगितलं. त्यांनी मागे वळून भिंतीवरचा दरांचा तक्ता वाचला. त्यात नॉर्वे नव्हतं. शेजारी कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. मी स्वीडन म्हटलं. मग स्वीडन धरू, त्या म्हणाल्या, आणि दुप्पट करू.

दुप्पट कशाला आणि कशाला नाही, यावर मात्र कार्यालयात एकवाक्यता नव्हती. पट्टणशेट्टीबाईंच्या मते सगळ्याच वस्तूंना दुप्पट. पोस्टमास्तर खरमाटे आतून म्हणाले की औषधाला दीडपट, कारण येताना बाटली रिकामी असते. राखीला परतीचं लागत नाही, ती मनगटावरच झिजते. पुस्तकं काही बोलतच नाहीत, त्यांचा दर प्रत्येक वेळी वरून मागवावा लागतो. रांगेतल्या एका गृहस्थांनी आपण अडकित्ता एकेरी दरात पाठवल्याचं सांगितलं. तो बहिरा होता, त्याला प्रश्नच ऐकू गेला नाही. यावर खरमाटे म्हणाले की असं व्हायला नको होतं.

मला हे सगळं असह्य झालं. एका प्रवासाला एक दर, ही साधी गोष्ट. लोकांकडून न झालेल्या प्रवासाचे पैसे घ्यायचे, तेही वस्तूंच्या संकोचाचा फायदा घेऊन. वस्तू परत येतात हे मलाही माहीत होतं. पण त्या माणसांनी आणल्या म्हणून येतात, अशी माझी समजूत होती.

त्या संध्याकाळी मी कुंची समोर घेऊन बसले. तिला म्हटलं, तू उद्या कुठे चालली आहेस? नॉर्वेला निघाली आहेस. म्हणजे जाते आहेस. मग ‘जाते’ म्हण. जे करतोय तेच बोलावं, त्यात लाजायचं काय? कुंचीने बराच वेळ नाडीचं टोक गुंडाळलं आणि सोडलं. चार डोक्यांवर बसलेली वस्तू, सांगेल ते ऐकायची तिला सवय. शेवटी तिने मला दोनदा म्हणून दाखवलं. मी तिची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी ती काट्यावर बसली. पट्टणशेट्टीबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “हं, काय म्हणतेस?”

“जाते,” कुंची म्हणाली.

लोणच्याची बरणी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने बरणीवर पदर घातला. अडकित्तावाले गृहस्थ आजही आले होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली. बाईंनी काटा पुसला, कुंची उचलून पुन्हा ठेवली आणि पुन्हा विचारलं. कुंची पुन्हा तेच म्हणाली, पहिल्यापेक्षा स्पष्ट. मग बाईंनी एकच तिकीट लावलं. मी मागे वळले आणि रांगेपुढे थोडं बोलले. अचूक भाषा हा नागरिकाचा पहिला हक्क कसा आहे, याबद्दल. बरणीवाल्या बाई रांग सोडून घरी गेल्या.

आत्या ओसरीवर हरभरे सोलत होती. कुंची काय म्हणाली, असं तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे लिहिताना आता कानाची पाळी गरम होते. आत्याचा हात थांबला नाही. घाटा फोडायचा, दाणे वाडग्यात, फोलपट पदरात. पदर भरला तेव्हा ती म्हणाली, “तुला मी उलथनं पाठवलं होतं, आठवतं?”

मला आठवत होतं. तिथे पोळ्या उलटायला मी काटा वापरते हे कळल्यावर तिने पाठवलेलं, लाकडी मुठीचं.

“ते कुठाय?”

ते स्वयंपाकघरात होतं. मी येताना आणलं होतं. विमानतळावर सामान जास्त भरलं तेव्हा मी माझा प्रबंध आणि दोन कोट काढून कचऱ्याच्या पेटीशेजारी सोडले, उलथनं मात्र बॅगेत ठेवलं. का ठेवलं, हे मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “आत्या, मी समाजासाठी आले.”

“हो गं,” आत्या म्हणाली. “त्याच्याबरोबर आलीस.”

एवढंच. ती रागावली असती तर मला बोलता आलं असतं. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला, मीठ लावून ठेव म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले. उलथनं खिळ्याला टांगलेलं होतं. ते काही बोललं नाही; परत आलेल्या वस्तू बोलत नाहीत. माझ्या भाषणांतली वाक्यं मला तिथे उभ्या उभ्या आठवली, आणि ती सगळी पोळपाटावर मांडून ठेवल्यासारखी वाटली.

पार्सल नीट पोचलं. रेवतीने फोटो पाठवला. बाळाचं तोंड कुंचीत वाटाण्याएवढं दिसत होतं. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. दिवाळीची तिकिटं रेवतीने आधीच काढली होती. ती रद्द केली, असं तिने पुढच्या आठवड्यात सांगितलं. सुट्टी होती, पैसे होते, नवराही तयार होता. “काय झालं ते कळत नाही गं आई,” ती म्हणाली. “यावं असं मनातच येत नाही. बॅग काढली आणि परत ठेवून दिली.” एरवी फोन ठेवताना ती ‘ठेवते’ म्हणायची. त्या दिवशी ती म्हणाली, “बरं, जाते.”

आत्या बंद फोन हातात धरून बसली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी टपाल कार्यालयात गेले.

या वेळी मी वाद घातला नाही. चूक माझी आहे, ती दुरुस्त कशी करायची, एवढंच विचारलं. खरमाट्यांनी मला आत बसवलं. काट्यावर बोललेला शब्द मागे घेता येत नाही, ते म्हणाले. तशी सोय ठेवली तर खातं एक दिवस चालायचं नाही. पण ‘जाते’ म्हणून गेलेल्या वस्तूला आणायला माहेरून मुराळी पाठवता येतो. सासरी गेलेल्या मुलीला आणायला पाठवतात, तसाच. सहसा भाऊ जातो. रेवतीला भाऊ नव्हता. मामाकडचं कुणी आहे का, त्यांनी विचारलं. रेवतीचे मामा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडची मीच होते.

मुराळी हा शब्द पुल्लिंगी आहे, अशी अडचण पट्टणशेट्टीबाईंनी काढली. मुराळीण लिहू का, असं त्यांनी विचारलं. खरमाटे म्हणाले, तसा शब्द नाही. एरवी या मुद्द्यावर मी तासभर बोलले असते. मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं असेल ते लिहा.

टपालाचा प्रश्न त्यांनी लगेच सोडवला. मुराळी ज्या वस्तूसाठी जातो तिच्याच वजनात मोजला जातो. म्हणजे मला कुंचीचा दर पडणार होता. “तुमचं वजन धरत नाहीत,” बाई म्हणाल्या. त्यांनी ते नियम म्हणून सांगितलं, आणि मी ते तसंच ऐकायचा प्रयत्न केला.

सोमवारी आत्या माझ्याबरोबर आली. रिक्षातून उतरायलाच तिला वेळ लागला. रांगेत तीच माणसं होती. बरणीवाल्या बाई होत्या, त्यांनी मला पुढे जाऊ दिलं. मी चपला काढल्या आणि मोठ्या काट्यावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. अडकित्तावाले कुणाला तरी हळूच म्हणाले, “ही भाषणवालीच ना?” त्याने हो म्हटलं.

“हं, काय म्हणतेस?” पट्टणशेट्टीबाईंनी विचारलं.

“निघते,” मी म्हणाले.

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण आम्ही शिकलेली मुलं तसंच म्हणतो. जाते म्हणणं अशुभ, येते म्हणणं जुनाट, म्हणून निघते. बाईंनी तक्ता पाहिला, मग खरमाट्यांकडे पाहिलं. खरमाटे बाहेर आले. निघते याला दर नव्हता. निघालेली वस्तू पोचते की नाही, हेच त्यातून कळत नाही, ते म्हणाले. रस्त्यातच राहिली तर जबाबदार कोण? आत्तापर्यंत कुणी असं बोललेलं नाही. वरून विचारून घ्यावं लागेल, त्याला वेळ लागेल.

मी काट्यावर बसून होते. काटा थोडा हलत होता. उतरायचं की बसायचं, कुणीच सांगेना. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत नव्हती. मला लाज वाटू नये म्हणून सगळी पंख्याकडे बघत होती.

आत्या खिडकीच्या कडेला धरून उभी होती. ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, “नात मान धरायला लागली असेल आता.”

“येते,” मी म्हणाले.

“मोठ्यानं,” पट्टणशेट्टीबाई म्हणाल्या. “मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.”

मी मोठ्याने म्हणाले.

बाईंनी माझ्या दंडावर दोन तिकिटं लावली, एक जाण्याचं आणि एक येण्याचं. जाण्याचं लगेच चिकटलं. येण्याचं घामाने सुटू लागलं. बाईंनी डिंकाची बाटली पालथी करून पाहिली, ती संपली होती. आत्या पुढे आली, बोट जिभेला लावलं आणि ते तिकीट माझ्या दंडावर दाबून धरलं. शिक्का मारून झाला, टपालाचं पोतं आलं, पुढच्या माणसाचा नंबर लागला, तरी तिने बोट काढलं नाही.