लिंबोणीची पुढची तारीख

आमच्या शेजारचे जजसाहेब चहा पिण्याआधी दोन्ही बाजू ऐकून घेतात. एक साखरेची, एक स्वतःच्या मधुमेहाची. मग म्हणतात, "अर्धा चमचा मंजूर."

साठ पुरी झाली, कायद्यानं खुर्चीवरून उठवलं, तसे ते आमच्या मानवतला राहायला आले. पत्नी आधीच गेलेल्या, लेक परदेशात. साहेबांचं दुखणं एकच. खालच्या कोर्टाचा जज साठीला घरी, हायकोर्टाचा बासष्टला, दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचा पासष्टला. म्हणजे साठी बुद्धी नाठी ही म्हण फक्त आमालाच लागू हाय का, असं ते दूधवाल्यालाही विचारतात. तो बिचारा सांगतो, न्हाई साहेब, दूध ताजंच हाय.

माझ्या लिंबोणीची फांदी पलीकडच्या शिवाप्पाच्या अंगणात गेलेली. अप्पा किराणावाले. पडलेली लिंबं आमची म्हणले आणि लोणचं घालून मोकळे! दोन महिने अबोला झाला, तवा दोघंही साहेबांकडं गेलो. त्यांनी लय मन लावून ऐकलं, चहा पाजला, चिवडा खाऊ घातला आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली. त्या गुरुवारी फांदीची पाहणी, मग परत तारीख. अशा आठ झाल्या. झाडाला नवा बहर आला, पण निकाल काही येईना.

एका तारखेला अप्पा आले न्हाईत. मी जरा शाळेतल्या पोरांशी बोलतो तसा तिखटच बोललो, की साहेब, दोन ओळींचा तर निकाल, देऊन टाका.

साहेबांनी कप खाली ठेवला. "गुरुजी, तीस वर्षं कुणाच्या घरी जेवलो न्हाई. लोक म्हणले असते, जज ह्याचा दोस्त हाय. आता दोस्त कुठून आणू? निकाल दिला की पक्षकार परत येत न्हाईत."

तिथून उठलो ते थेट अप्पाच्या दुकानात गेलो. लिंबं निम्मी-निम्मी, पाच मिनिटांत मिटलं. फक्त साहेबांना कळू द्यायचं न्हाई, असं ठरलं.

तवापासून दर गुरुवारी आमी त्यांच्या ओसरीवर जोरात भांडतो. परवा अप्पांनी लोणचंच पुरावा म्हणून आणलं, स्टीलच्या डब्यात. साहेबांनी फोड चाखली, डबा फिरवून बघितला. त्याच्यावर माझ्या बायकोचं नाव कोरलेलं. लिंबांचा वाटा मीच त्यात घालून पाठवला होता, आणि अप्पांनी रिकामा डबा परत करायच्या ऐवजी त्यात लोणचं भरलं होतं.

अप्पांनी घाईनं चिवड्याचा बकाणा भरला. मीबी भरला.

साहेबांनी डबा हळूच फिरवला, नाव भिंतीकडं केलं आणि डायरी उघडली.

"पुरावा अपुरा हाय," ते म्हणाले. "पुढची तारीख, गुरुवार. जेवायलाच या."