आभाराची ऑफिस कॉपी

माणसाचा सभ्यपणा त्याच्याच अंगाशी आलेला कधी पाहिलाय का तुम्ही?

भाऊंच्या आला. भाऊ म्हणजे आयुष्यभर ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. ते निवृत्त झाले, पण टेबल काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. शिवाय आभार मानायची भारी हौस. पाहुणा निघाला की हे दारात आभार मानणार, तो उलट यांचे मानणार, मग हे जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत. (एका पाहुण्याची यात बस चुकली. बिचारा पुन्हा वर येऊन जेवून गेला.)

वहिनी घरी पडदे शिवतात. पहिल्यांदाच एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं काम मिळेल असं दिसत होतं. पण मॅनेजर मेलवर बोलणारा, आणि वहिनी सदा मशीनवर. उत्तराला उशीर व्हायचा.

"एवढंच ना?" भाऊ म्हणाले. "पोच आपोआप जाईल असं करून टाकतो."

"तुम्ही? तुम्ही पंखा दुरुस्त केलात तेव्हापासून कुणी बेल दाबली की तो फिरतो."

पण भाऊंना सोय सापडली होती. काही लिहायचं नाही, पडद्यावर (संगणकाच्या) चौकटी ओढायच्या आणि बाणाने जोडायच्या. एका चौकटीत 'नवी मेल आली की', दुसरीत 'उत्तर पाठव'. उत्तर असं : 'आपली मेल मिळाली. मनःपूर्वक आभार.'

भाऊ इथे थांबते तर बरं होतं. पण जावक कागदाची ऑफिस कॉपी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून प्रत्येक उत्तराची एक प्रत वहिनींच्याच पत्त्यावर. पुढे विचारलं होतं, उत्तर फक्त पाठवणाऱ्याला की सगळ्यांना? भाऊंनी 'सगळ्यांना' निवडलं. कुणाला वगळणं बरं दिसत नाही.

दुपारी मॅनेजरची मेल आली : 'पडद्यांना अस्तर लावाल का? संध्याकाळपर्यंत कळवा, मग ठरवू.' लगेच आभार गेले. त्याची ऑफिस कॉपी घरी आली. ही नवी मेल! तिचेही आभार गेले, सगळ्यांना. त्याचीही कॉपी आली. टिंग, टिंग, टिंग.

"ऐकलंस? धंदा वाढला!" भाऊ हरखले.

वहिनींनी मशीन थांबवून डोकावून पाहिलं. "अहो, ह्या तर मीच मला पाठवतेय."

"तू नाही गं. तुझ्या वतीनं मी."

"मग मी माझेच आभार का मानतेय?"

"मानायला हरकत काय? दिवसभर राबतेस."

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर. "मॅडम, मी एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तर नाही आणि आभार थांबत नाहीत. मालकांना वाटतंय, तुम्ही टिंगल करताय." फोन बंद.

भाऊंनी लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. ती संगणकाची अशीच कामं करते.

"बाबा, आधी ते बंद करा."

"मग मधे आलेल्या मेलना पोच कोण देणार?"

"बाबा!"

भाऊंनी बंद केलं.

"मेल येते त्याच पेटीत कॉपी टाकलीत, म्हणून तुमची चौकट तिला नवी मेलच समजतेय. आता अट घाला. आपल्याच पत्त्यावरून आलेल्या मेलला उत्तर नाही. आणि एका माणसाला आभार एकदाच."

"एकदाच?" भाऊंचा आवाज कातर झाला. पण घातली अट.

मग त्यांनी स्वतः मॅनेजरला फोन केला. "साहेब, मी यांचा नवरा. यात हिची काही चूक नाही. ही अस्तर लावते, टीपही सरळ घालते. या घरात वाकडं जे काही होतं, ते मी केलेलं असतं."

पलीकडून आवाज आला, "सकाळी येऊन बघतो."

वहिनींनी चहाचा कप भाऊंच्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आले, अस्तराचा नमुना बोटांनी चाचपून पाहिला आणि ऑर्डर पक्की केली. दारात भाऊंनी त्यांचे आभार मानले, त्यांनी भाऊंचे मानले, भाऊंनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा वहिनींनी त्यांना सदऱ्याला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.